वाढवलं

मनीषाने रुमालाची गाठ सोडली तसे काळे मणी ओट्यावर घरंगळले. सराफ बाजारात मंगळसूत्रं गाठवून देणाऱ्या गोजराबाईने ते पदराने अडवले आणि सोन्याच्या दोन्ही वाट्या बाजूला ठेवल्या.

"कधी वाढवलं गं?"

मंगळसूत्र तुटलं असं म्हणायचं नसतं. वाढवलं म्हणायचं. सवाष्णीचं आपल्या भाषेत काही मोडतच नाही, सगळं वाढतं. हे मनीषाला सासूनेच, नवसाबाईनेच, शिकवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या तोंडून "बांगडी फुटली" असं निघालं आणि सासूने तिला चारचौघींत झापलं होतं. घरातून निघताना "जाते" म्हटलं तरी तेच. "येते म्हणावं. जाते म्हणती का कोणी?"

आज नवसाबाईच तिला निफाडहून घेऊन आली होती. मंगळसूत्र गाठवायचं, सुनेच्या गळ्यात घालायचं आणि गावात बभ्रा व्हायच्या आत घरी परतायचं, असं तिने ठरवलं होतं.

"काल वाढवलं," मनीषा म्हणाली. "गोठ्यात खुंटीला अडकलं."

मणी गोळा करायला ती वाकली आणि पदर घसरला. गळ्याभोवती लालभडक वळ उठला होता. नवसाबाईने काल रात्री तिकडे बघायचं टाळलं होतं. आता ती बघतच राहिली.

"वाढवलं नाय," ती म्हणाली. "तोडलं. माझ्या लेकानं."

दोरा ओवता ओवता गोजराबाईचा हात थांबला. शेजारच्या दुकानातली बाईही वळून बघू लागली.

"मग गाठवू ना, आक्का?"

"मला नको इचारू. जिच्या गळ्यात घालायचंय, तिला इचार."

मनीषाला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिने मणी मुठीने रुमालात भरले, वर वाट्या ठेवल्या आणि गाठ मारली.

स्टँडसमोरच्या एसटीडीवरून नवसाबाईने स्वतःच घोटीला, मनीषाच्या माहेरी, निरोप दिला. घोटीची गाडी आधी लागली. वाटेत खायला आणलेली दोघींची भाकरी तिने सुनेच्या पिशवीत घातली.

पायरीवर पाय ठेवून मनीषा सवयीने वळली.

"येते, आत्याबाई."

नवसाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. तिचे डोळे भरून आले होते.

"येते नको, बाई. जाते म्हण."