धुऊन आणलेली सुकट

मित्रांनो, जालन्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं मी एक जुनं यंत्र आहे. मासळी टिकावी म्हणून तिच्यावर किरण सोडलेत का, हे मी ओळखतो. मासळीला चिकटलेल्या वाळूत त्या किरणांची खूण राहते. अंधारात मी वाळूवर प्रकाश टाकतो. कण मिणमिणले की मला कळतं. हाडाच्या मटणाला वेगळं यंत्र लागतं, ते माझं काम नाही.

इथे नमुने तपासणाऱ्या कल्याणीताई माझी काच रोज पुसायच्या. "हा कधी खोटं बोलत नाही," म्हणायच्या, आणि मी मनातून फुशारायचो.

एकदा कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात सुकट विकणारी बेबीनंदा आमच्या प्रयोगशाळेत आली. तिच्या सुकटीवर किरण मारलेत, खाल्ली की आजार होतो, अशी कुणीतरी आवई उठवली होती. खरं तर रीतसर किरण दिलेलं अन्न विषारी नसतं, फक्त तसं पाकिटावर लिहावं लागतं. पण तिच्या पालाकडे गिऱ्हाईक फिरकेना. तिचं घर त्याच सुकटीवर चालत होतं.

तिनं डबा उघडला. "म्याडम, चांगली धुऊन उन्हात वाळवून आणली. वाळूचा कण न्हाई बघा. तुमच्यापुढं घाण कशी आणू?"

ताईंचा चेहरा उतरला. "मावशी, वाळूच तर हवी होती. न धुतलेली आहे का थोडी?"

"न्हाई ना. लोक नावं ठेवून राह्यले, मंग सगळीच धुऊन काढली."

तरी ताईंनी सुकट माझ्यात ठेवली. मी जीव एकवटून पाहिलं. काहीच मिणमिणलं नाही. किरण नव्हते, की खूणच धुऊन गेली होती? मला सांगता येईना. ताईंनी लिहिलं, 'निष्कर्ष नाही.'

"मंग माल बराबर हाये, असं द्या की लिहून," बेबीनंदा रडवेली झाली. ताईंना तसं लिहिता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

बाजारात लोक म्हणाले, "मशीनलाबी सांगता आलं न्हाई, म्हंजी काहीतरी असंलच." बेबीनंदाचं पाल उठलं. ती आता लोकांच्या रानात कापूस वेचते, असं ताई सांगत होत्या. पुढे नमुने येईनासे झाले आणि माझ्यावर कापड पडलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण तपासायला काही न्याल, तर ते कसं आणायचं हे आधी विचारा. आणि मला उत्तर देता आलं नाही, तर त्याला 'हो' समजू नका. बेबीनंदाच्या सुकटीत काही होतं का, हे मला आजही माहीत नाही. बाजाराला मात्र ते त्याच दिवशी कळलं होतं.