गुरुवारची पंगत

“पोटाला काही झालेलं नाही. तुम्ही जेवत नाही, गिळता,” कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी घ्या. घरच्यांबरोबर गप्पा मारत, सावकाश जेवा.”

ज्योतीरामने मान डोलावली. सल्ला सोन्यासारखा होता. पण आधी बहिणीच्या लग्नाचं सोनं व्हायचं होतं! पिंपरीतल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आणि त्याचे सगळे गुरुवार ओव्हरटाइमला वाहिलेले. एरवी बारा-बारा तास काम. तो घरी पोचायचा तेव्हा लेक इंद्रायणी झोपलेली असायची.

घरी त्याने हे हसत हसत सांगितलं. आई, सावित्रीबाई, हसली नाही.

“तुला घरी येता येत नसंल, तर घराला तर येता येतंय की!”

पुढच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो गेटबाहेर आला, तर समोरच्या कडुलिंबाखाली गोधडी अंथरून अख्खं घर बसलेलं! आई, बायको विमल, शाळेला मेची सुट्टी असलेली इंद्रायणी, शिवाय स्टोव्हसुद्धा. ज्योतीराम लाजून चूर झाला. वॉचमन दत्तोबा टक लावून बघत होता.

“बघता काय? या जेवायला,” आईने हाक मारली.

“व्हय आक्का, पर गेट सोडून आमी कसं येनार? हितंच द्या!”

ज्योतीरामने सवयीने पहिली भाकरी चार घासांत संपवली. आईने दुसरी हातातच धरून ठेवली.

“पैली चावून झाली का रं?”

सगळे खो खो हसले. तोही हसला, आणि किती महिन्यांनी अन्नाला चव लागली.

तिसऱ्या गुरुवारी झाडाखाली चार बिऱ्हाडं जेवत होती. इंद्रायणी बापाला रंगवून रंगवून गोष्ट सांगत होती. “मग राजा म्हातारीच्या दारात आला, आणि...”

भोंगा झाला. ज्योतीराम हात धुऊन उठला.

“आता राजा दारातच उभा राहणार?”

“राहू दे. पुढच्या गुरुवारी उघडते दार,” ती म्हणाली, आणि त्याच्या जागेवर तिने एक दगड ठेवला. “इथं कुणी बसायचं नाही. बाबांची जागा आहे.”

रात्री आठला तो बाहेर पडला. अंग आंबून गेलं होतं. कडुलिंबाखाली दगड होता तिथेच होता. रोज तो झाडाखालून सरळ जायचा. आज त्या जागेला वळसा घालून गेला.

राजा म्हातारीकडे कशाला आला असेल, याचा विचार करत तो झपाझप चालू लागला. तो पोचेपर्यंत इंद्रायणी झोपलेली असणार होती.