बारा ट्रॉल्या

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळेच आत्या म्हणत. पण खरी आत्या ती एकाच माणसाची होती. त्या भाच्याची बायको गेल्या वर्षी तिनेच इथे कामाला लावली. आत्या बावीस वर्षं इस्त्रीच्या गरम रोलरपाशी उभी होती. भाचेसून मळक्या चादरी निवडून भिजवायच्या जागेवर होती, आणि सोड्याच्या पाण्याने तिच्या हातांची सालं निघाली होती. दोघींनाही हवी होती एकच वस्तू : फोनच्या टेबलामागची खुर्ची.

खुर्ची साधीच, एक हात मोडलेली. पण तिच्यावर बसायला मिळत होतं आणि हात कोरडे राहत होते. अट एकच. वॉर्डांतले फोन इंग्रजीत येत, म्हणून लॉन्ड्रीच्या साहेबांनी पाळी सुटल्यावर घड्या घालायच्या खोलीत इंग्रजीच्या बाई शिकवायला ठेवल्या होत्या. शेवटी परीक्षा, आणि पास होईल तिला खुर्ची. प्रत्येकीने आपल्या कामातलं एक क्रियापद घ्यायचं आणि ते बाराही काळांतून चालवून दाखवायचं. आत्याच्या वाट्याला ‘वॉश’ आलं. पाठोपाठ भाचेसुनेनेही तेच मागून घेतलं, म्हणजे घरी दोघींना मिळून घोकता येईल.

घोकून घोकून आत्याचा घसा बसला. आय वॉश, आय वॉश्ड, आय विल वॉश, इथवर गाडी ठीक जाई. पुढे ‘हॅव’ आणि ‘हॅड’ आणि ‘बीन’ अशी काही गर्दी करत की तिच्या तोंडचं पाणी पळे. बाई समजावून थकल्या. पालथ्या घड्यावर पाणी! आत्या स्वतःच म्हणायची, "या वयात माझ्या डोक्यात आता घडी घातलेली चादरसुद्धा मावत नाही."

मग एका जेवणाच्या सुट्टीत भाचेसुनेने रिकाम्या ट्रॉल्या ओढल्या. चार-चारच्या तीन रांगा लावल्या. कालची रांग, आजची, उद्याची.

"आत्या, तुम्ही बोलू नका. नुसत्या चाला," ती म्हणाली. "पहिल्या ट्रॉलीत साधं धुणं. दुसरीत मशीन फिरतंय, धुणं चालू आहे. तिसरीत घड्या घालून झाल्या, काम संपलं. चौथीत सकाळपासून धुतोय आणि अजून धुतोच आहोत."

"म्हणजे सोमवार," आत्या म्हणाली.

भाचेसून हसली. "हां, सोमवार. आता आजच्या रांगेतल्या सोमवारवर हात ठेवा."

आत्याने चौथ्या ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवला आणि काय आश्चर्य, तोंडातून आपोआप निघालं, "आय हॅव बीन वॉशिंग." आठ दिवस दोघी जेवणाची सुट्टी अर्धी करून त्या रांगांतून फिरल्या. भाचेसून सोललेल्या हातांनी ट्रॉल्या लावायची, परत जागेवर न्यायची. डोक्याला जे दोन महिन्यांत जमलं नाही ते पायांना आठ दिवसांत जमलं.

परीक्षेला बाई होत्या, साहेब होते आणि भिंतीला टेकून लॉन्ड्रीतल्या सगळ्या बाया. आत्याचं नाव आधी. ती फळ्यासमोर उभी राहिली आणि सगळं विसरली. फळा पांढरा नाही, काळा नाही, काहीच दिसेना. शेवटी ती म्हणाली, "साहेब, मी ट्रॉल्यांवर दाखवू?"

बाया हसल्या. पण तिने ट्रॉल्या लावल्या आणि कालपासून उद्यापर्यंत न अडखळता चालत गेली. शेवटच्या ट्रॉलीवर थाप मारून "आय विल हॅव बीन वॉशिंग" म्हणाली तेव्हा साहेब उठून उभे राहिले. "वा! ही युक्ती कोणाची?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. आत्या दारात उभ्या असलेल्या भाचेसुनेकडे बघत होती, बघता बघताच म्हणाली, "माझीच की. बावीस वर्षं याच ट्रॉल्या ढकलतेय."

टाळ्या पडल्या. टाळ्यांत एक जोडी सोललेल्या हातांची होती.

मग भाचेसुनेची पाळी. तिने पहिल्या ट्रॉलीला हात लावला तशी साहेब म्हणाले, "नको, तू फळ्यावर कर. आत्यांची नक्कल नको."

तिने एकदाच आत्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ‘सांगताय ना?’ एवढंच त्या बघण्यात होतं. आत्या खाली वाकली आणि गुडघा चोळायला लागली. त्या क्षणी तो गुडघा अजिबात दुखत नव्हता.

भाचेसूनही चालतच शिकलेली. फळ्यासमोर पाय जागच्या जागी हलवत तिने आठ काळ लिहिले. नवव्याला खडू थांबला तो थांबलाच. बाई मायेने म्हणाल्या, "असू दे. आत्यांकडून शीक हो. फार छान पद्धत आहे त्यांची."

"हो बाई," ती म्हणाली. "शिकते."

आत्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणीला दुसरी कामं असतात. दुसऱ्या दिवशी आत्या खुर्चीवर बसली.

आयत्या बिळात नागोबा, पण नागोबाला निदान झोप तरी लागत असेल. हिला खुर्ची टोचायची. फोन आला की ती नीट उत्तर द्यायची, आणि प्रत्येक उत्तराबरोबर डोळ्यांसमोर एक ट्रॉली यायची, ट्रॉलीच्या दांडीवर ते हात. समोरून भाचेसून मळक्या चादरींचा ढीग घेऊन जाताना रोजच्यासारखंच विचारायची, "चहा घेतलात का आत्या?" आत्या मान वर न करता म्हणायची, "घेतला गं." घेतलेला नसायचा.

सगळ्यात वाईट झालं ते रविवारी. भाचा घरी पेढ्यांऐवजी केळी घेऊन आला, आत्याच्या पाया पडला आणि बायकोला म्हणाला, "बघ, या वयात आत्याने करून दाखवलं. तू तरुण असून फळ्यापुढे गप्प! जरा शिक तिच्याकडून." आत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. भाचेसून केळी सोलत होती. म्हणाली, "आत्यांची मेहनतच तशी आहे." तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं! आत्याची अब्रू त्या पोरीने लॉन्ड्रीत आणि घरी, दोन्हीकडे झाकून ठेवली होती. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेनंतर अकराव्या दिवशी साहेबांनी नवी तुकडी जमवली. नापास झालेल्या तिघी आणि नव्या पाच जणी. ट्रॉल्यांवर रंगाने आकडे घातले होते आणि भिंतीवर कागद लावला होता : ‘आत्यांची पद्धत’. नापासांच्या रांगेत शेवटी भाचेसून, हातात कोरी वही.

"चला आत्या, शिकवा," साहेब म्हणाले.

आत्या पहिल्या ट्रॉलीपाशी गेली. हात दांडीवर ठेवला. तोंडातून ‘आय वॉश्ड’ निघायला हवं होतं.

"ही युक्ती माझी नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "ती माझ्या भाचेसुनेची आहे. तिने मला आठ दिवस अर्धपोटी राहून शिकवलं. साहेबांनी विचारलं आणि मी खोटं बोलले. पुढे तिला तीच युक्ती वापरू दिली नाही तेव्हा मी गुडघा चोळत बसले. गुडघा दुखत नव्हता. ती खुर्ची मी चोरली."

साहेब चष्मा पुसायला लागले. "अहो, आता झालं ते झालं..."

"नाही झालं," आत्या म्हणाली. तिने भिंतीवरचा कागद ओढून काढला, घडी घातली. "तिची परीक्षा परत घ्या. ट्रॉल्यांवर."

भाचेसून रांगेतून पुढे आली. आत्याला वाटलं, आता गळ्यात पडेल, नाहीतर रडेल; दोन्हीची तिने तयारी केली होती. पोरीने यातलं काही केलं नाही.

"शिकायला आठ दिवस लागले होते, आत्या," ती हळू म्हणाली. "हे सांगायला अकरा."

भाचेसुनेने पहिल्या ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवला, सालं निघालेला, आणि चालायला लागली. काल, आज, उद्या. एकदाही अडखळली नाही. आत्या नापासांच्या रांगेत शेवटी जी जागा रिकामी झाली होती तिथे जाऊन उभी राहिली. आता गुडघा खरोखरच दुखत होता. तिने चोळला नाही.