सुपातली साळ

लहानग्या टीकाचा ताप उतरला होता, तरी पविसराचा हात पोरीच्या कपाळावरून निघत नव्हता. उतरलेला ताप परत चढतो. चुलीतली ठिणगी उडून गोधडीला लागते, ओट्यावरून तोल जातो, तोंडात घातलेलं बी घशात अडकतं. हे सगळं व्हायच्या आधीच तिला डोळ्यांपुढे दिसायचं, आणि दिसून काही वाटायचं मात्र नाही. ती उठून ठिणगी विझवायची, पोरीच्या तोंडात बोट घालून बी काढायची आणि परत बसायची. जेवणाचंही तसंच. कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा गोळा पोटात जायचा, पण चव कुठे जायची कोण जाणे.

ब्रह्मदेशातली लढाई संपल्यावरचा हा दुसरा हिवाळा. गावातले जे जगले ते बिल्ले लावून परत आले, जे मेले त्यांचे निरोप आले. तिचा नवरा नरजित आला नाही आणि त्याचा निरोपही आला नाही. सासऱ्यांनी मरायच्या आधी खाली फौजेच्या कचेरीपर्यंत पायपीट केली होती. तिथल्या बाबूनं सांगितलं, सापडत नाही. एखादं बकरू चरता चरता पुढं गेलं असावं तसं.

खालच्या वळणावर सारंगी वाजली.

"आला गं बखते," अंगणातून सासू म्हणाली. नुसतं एवढंच म्हणाली, आणि सूप उंबऱ्याशी आणून ठेवलं.

बखते गाइने दर हिवाळ्यात कापणी उरकली की घरोघर लाहुऱ्यांची गाणी गात यायचा. फौजेत गेलेला तो लाहुरे आणि त्याची बायको ती लाहुरेनी. जिवंत लाहुऱ्याचं गाणं वेगळं. त्यात तिरपी टोपी, आगगाडी, सुट्टीची वाट, साहेबाची थोडी टिंगल. मेलेल्याचं वेगळं. कुठलं गायचं ते बखते कधी तोंडानं विचारायचा नाही. या डोंगरावरच्या चार गावांत रीतच होती तशी. घरची लाहुरेनी सूप घेऊन बाहेर येते. सुपात कांडलेले तांदूळ असले तर माणूस आहे. तुसासकट साळ असली तर गेला. सूप बायकोनंच भरायचं, आईनंसुद्धा नाही. आणि एकदा साळ वाहून गाणं झालं की बखते ते पुढच्या गावांत घेऊन जायचा. मग तो माणूस परत जिवंत करणं कुणाच्या हातात नसायचं.

गेल्या हिवाळ्यात सासू म्हणाली होती, "साळ ने बाई. पोर माझं ना धड इथं ना धड तिथं. त्याला वाट तरी मिळू दे." पविसरानं तांदूळ नेले होते. बखतेनं तिरप्या टोपीचं गाणं म्हटलं आणि सासू आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. यंदाही तिनं तांदूळच न्यायचे ठरवले होते. तो येईल असं वाटत होतं, असंही नव्हतं. सुपात तांदूळ आहेत तोवर तो आहे, एवढंच.

कोनाड्याखाली दोन टोपल्या होत्या, एकीत तांदूळ आणि दुसरीत सकाळी कांडायला काढलेली साळ. ती खाली वाकली तेवढ्यात टीका अंथरुणातून उठून डुलत दाराकडे निघाली. पुढं उंबरा, उंबऱ्यापुढं दगडी पायरी. पविसराची नजर पोरीच्या पावलांवर खिळली. हातांनी ओंजळी भरून सुपात ओतल्या. मग तिनं धावत पोरीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं सूप उचललं आणि बाहेर आली.

अंगणात बायका जमल्या होत्या. शेजारची रमती बखतेला छेडत होती, "तारा बदलल्यास का रे, की गेल्या सालचंच मांजर ओरडतंय?"

"मांजर तेच आहे दिदी," बखते म्हणाला. "दूध घालणारं घर भेटलं की गोड ओरडेल."

बायका हसल्या. पविसरानं सूप त्याच्यापुढं ठेवलं. बखते हसत होता, तो थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रमतीनं पदर तोंडावर घेतला.

तेव्हा पविसरानं सुपात पाहिलं.

सासू ओसरीच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसली. "केलंस बाई," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. एवढ्या मऊ आवाजात ती कधी बोललीच नव्हती. "मला वाटलं होतं, मी मरेपर्यंत करणार नाहीस."

चूक झाली म्हणायचं आणि सूप उचलायचं. एवढंच करायचं होतं. पविसराला ते कळत होतं. पण कडेवरची पोर गरम लागत होती का, हेच ती चाचपत राहिली. गरम नव्हती. बखतेनं गज तारेवर ठेवला आणि गाणं सुरू झालं. नरजित गुरुंग, डोंगरधारेवरच्या गावचा, आईच्या पोटी मार्गशीर्षात आला, असं. डोंगर उतरला, नदी ओलांडली, आगगाडीत बसला. आवाज खाली खाली जात होता. मग बखते थांबला, कारण इथं थांबायचंच असतं.

"लाहुरेनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "निघताना काय बोलला ते सांग. त्याच्याशिवाय गाणं पुढं जात नाही."

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. चूक झाली, असं अजूनही सांगता येत होतं. निघतानाचे शब्द सांगितले नाहीत तर गाणं अर्धंच राहतं, आणि अर्धं गाणं दुसऱ्या गावात जात नाही. ते तिला ठाऊक होतं, बखतेला ठाऊक होतं, सासूलाही. सासू घाईघाईनं म्हणाली, "माझ्या पाया पडला आणि म्हणाला, आमा, तुझ्या दुधाचं नाव राखीन."

"आईचं नाही चालत आमा," बखते म्हणाला. "हिचं पाहिजे."

पविसराला वळणावरचा पिंपळ आठवला. तेव्हा तिला सातवा महिना होता, पाय सुजलेले.

"उजवा बूट चावतोय," ती म्हणाली.

"काय?" बखतेनं विचारलं.

"म्हणाला, उजवा बूट चावतोय. पुढच्या खेपेला मोठा मागतो म्हणाला. मग लंगडत उतरून गेला."

रमतीला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं आणि तेच हसू मग भलत्याच आवाजात बाहेर आलं. सासू बखतेकडे पाहत राहिली. "मला का नाही बोलला? मेण लावून दिलं असतं. घरात होतं मेण."

"लोक मला गाण्यासाठी झेंडा देतात, दूध देतात," बखते स्वतःशीच म्हणाला. "बूट कुणी दिला नव्हता." त्यानं दोनदा तार छेडून पाहिली आणि गायला लागला.

*उजव्या पायाचा बूट चावतो गं, वाट सारी उताराची,*
*मोठा मागीन पुढल्या खेपेला, खेप कुणाला ठाऊक कुठली.*

पविसरा पायरीवर बसली. आता रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. बायका रडत होत्या, पोरगी त्यांच्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करत होती. तिला स्वतःला फक्त पायरीचा गारवा लागत होता. गाणं संपलं. बखतेनं साळ झोळीत ओतून घेतली आणि रिकामं सूप उपडं करून ठेवलं.

सासू उठून तिच्या मागं येऊन बसली. तिच्या मानेवरून लाल पोतेचे, सवाष्णीनं घालायचे, मणी वर ओढले आणि गाठ शोधू लागली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "केस अडकलेत. दुखेल."

पविसरा मान खाली घालून, पोरीला दोन्ही हातांनी धरून, न हलता बसून राहिली.