डिस्कची अकरा मिनिटं

लातूरच्या एका रक्तपेढीतून रजियाआपांना घरी बसवलं, त्याला दोन महिने झाले होते. बारा वर्षं काउंटर सांभाळलेली बाई. पण संगणकाच्या अहवालापुढे माणसाचं कोण ऐकतं? रक्ताची पिशवी ज्यावर मिळते ती पर्ची अकरा मिनिटं उशिरा निघाली आणि निलंग्याची एक बाळंतीण दगावली. अहवालात लिहिलं होतं: डिस्कमुळे खोळंबा शून्य, ऑपरेटरमुळे अकरा मिनिटं.

तो अहवाल काढणारा प्रोग्राम नांदेडच्या एका कंपनीतल्या पुनमने लिहिलेला. जुनी डिस्क बदलायला ती लातूरला आली, तेव्हा काउंटरच्या खणात तिला आपांची वही सापडली. आपांचा संगणकावर भरवसा नव्हता. प्रत्येक पर्चीची वेळ त्या हाताने टिपत. त्या दिवशीची ओळ होती: 'बटण दाबलं १०.१२. पर्ची आली १०.२३.'

पुनमने आपलाच प्रोग्राम उघडला. फाइलमधून वाचताना डेटाबेस किती खोळंबतो, ते तिने मोजलं होतं. पर्ची निघण्याआधी तिची नोंद फाइलमध्ये लिहिताना किती खोळंबतो, ते मोजायचंच राहिलं होतं. आणि जो वेळ कुठेच बसत नाही तो ऑपरेटरच्या नावावर टाकायचा, हेही तिचंच डोकं. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिला स्वतःची शिसारी आली.

फोनवर तिचे साहेब भुजंगराव म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून दुरुस्त करा. कशाला बोभाटा?" पुनमने ऐकलं नाही. सर्व्हरवरच्या कच्च्या नोंदींवरून तिने त्या दिवसाचा अहवाल नव्याने काढला, एक प्रत रक्तपेढीच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी घेऊन आपांचं घर गाठलं.

"आपा, तुमची चूक नव्हती. डिस्क अडकली होती. मोजण्यात चूक माझी झाली."

आपांनी कागद दोनदा वाचला.

"बटण दाबलं होतं म्हणून मी सांगून राहिले होते, बेटी. पण सगळेच म्हणले, तर मलाबी वाटलं, माझाच हात चुकला असंल. मी निलंग्याला जाऊन आले. तिच्या नवऱ्याला, माणिकप्पाला म्हणलं, माझ्यामुळं गेली तुमची बायको. माफ करा."

"मग?"

"लेकरू खांद्यावर होतं. त्यानं दार लावून घेतलं."

पुनमला रडू आवरेना. डोळे पुसून तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"घर कुठं आहे त्यांचं, आपा? सकाळच्या गाडीनं जाते मी."

"एकटी नको जाऊ," आपा म्हणाल्या. "त्या दारात उभं राहणं लई जड जातंय."