शेवटाला लावलेले स्विच

मागच्या खोलीतला पलंग गेला आणि तिथे आमच्या मुलाचं मशीन आलं. भंगारातून आणलेले रूळ, त्यांवर सरकणारा गाडा, गाड्याला लाकूड कोरणारी मोटर. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, की गाडा आपोआप फिरून ते फळीवर कोरणार. सगळं त्यानं स्वतः जुळवलं होतं. वडिलांकडे एकच काम सोपवलं, रुळांच्या टोकांना स्विच बसवायचं. गाडा टोकाला टेकला की मशीन बंद पडलं पाहिजे.

ह्यांनी ते काम जीव लावून केलं. ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसखाली गेलेली. उरलेल्या बोटांत वायर धरून ती सोलायची सवय आता अंगवळणी पडली आहे. स्विच असे जोडले की करंट सतत वाहत राहील आणि गाडा टेकला की तुटेल.

"उलटं का केलंत?" मुलानं विचारलं.

"टेकल्यावर करंट सुरू होणार असं जोडलं आणि मध्येच वायर तुटली, तर तुला कळणार कधी? गाडा टोकावर आदळल्यावर. असं जोडलं तर वायर तुटली तरी मशीन थांबतं."

"बाबा, तुम्ही मशीनपेक्षा जास्त घाबरता."

हे हसले. तेव्हा हसण्यासारखं होतं.

पण कोरायची मोटर सुरू झाली की गाडा कुठेही टेकलेला नसताना मशीन थांबायला लागलं. पडद्यावर लाल अक्षरं. ह्यांनी वाकून बघितलं. "स्विचची वायर मोटरच्या केबलला बांधलीस. मोटरच्या करंटचा गोंधळ हिच्यात शिरतोय, म्हणून मशीनला वाटतं गाडा टेकला. वेगळ्या वाटेनं ने, जाळीचं आवरण असलेली वायर घाल."

"बघतो," मुलगा म्हणाला. हे स्वतः बाजारात जाऊन तसल्या वायरचं भेंडोळं घेऊन आले आणि खिळ्याला अडकवलं. ते तिथेच राहिलं.

कोरीव कामाचा नमुना बघायला फर्निचरवाले आले त्या सकाळी मी पूजेचा नेम आटोपून चहा घेऊन गेले, तर मशीन पुन्हा अडलेलं. फळीवर अर्धंच पान उमटलं होतं.

"लाजतंय का हो तुमचं मशीन?" फर्निचरवाल्यांनी विचारलं. "मी बाहेर थांबू?"

मुलाचे कान लाल झाले. त्याला हे काम हवंच होतं. नोकरी सोडून बसलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? तो कॉम्प्युटरपाशी गेला, स्विचच्या सेटिंगच्या ओळीत एक होता, तो खोडून शून्य केला. स्विच जागेवरच राहिले, फक्त त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नाही.

"काय केलंस?" ह्यांनी हळू विचारलं.

"एवढा पीस निघू दे बाबा. मग बघू."

हे वाक्य आमच्या घरात नवं नाही. प्रेसच्या संरक्षक स्विचला चिकटपट्टी लावताना ह्यांचा फोरमन हेच म्हणाला होता. मुलगा ते लहानपणापासून ऐकत आला होता, कितीदा तरी, ह्यांच्याच तोंडून.

हे भिंतीवरच्या मेन स्विचपाशी गेले आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. नवी फळी लागली, मोटर घरघरली, गाडा फिरत राहिला. पान पूर्ण झालं, वेल झाली. फार सुंदर झाली, खोटं कशाला बोलू. फर्निचरवाले बोटानं कोरीव रेघ चाचपत म्हणाले, "अशा दारांचं काम लगेच पाठवतो."

ते गेल्यावर मुलगा वडिलांकडे वळला. "बघा. झालं का काही?"

"नाही झालं," हे म्हणाले. "फोरमनसुद्धा डॉक्टरांना हेच सांगत होता. एरवी कधी काही झालं नव्हतं म्हणे."

"प्रत्येक गोष्टीत तुमची बोटं आणायलाच हवीत का?"

ह्यांनी हात मेन स्विचवरून काढून घेतला. मी चहाचे कप उचलले.

दारांच्या फळ्या आल्या, त्या टेबलापेक्षा लांब निघाल्या. टोक खाली झुकलं की कोरीव काम बिघडायचं. कुणीतरी टोकाशी उभं राहून फळी उचलून धरायला हवी होती, गाडा येऊन थांबायचा त्याच टोकाशी.

"बाबा, जरा धरता का?"

पडद्यावरचा शून्य तसाच होता. भेंडोळं खिळ्यावर होतं. ह्यांनी एकदा भेंडोळ्याकडे पाहिलं, मग उजवा हात खिशात घातला आणि फळीखाली डावा धरला.

"दोन्ही हातांनी धरा ना," मुलगा म्हणाला.

"राहू दे," हे म्हणाले. "ह्याला सवय आहे. चालू कर."

त्यानं चालू केलं.