बशीर मिस्तरीचं इंग्रजी

नांदुऱ्याच्या स्टेशनामागे कापसाच्या ज्या फॅक्टऱ्या होत्या, त्यांतल्या एकीत बशीर फकीर मोहम्मद मिस्तरी होता. वऱ्हाडात अशा फॅक्टरीला जीन म्हणतात, आणि कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रालाही जीनच म्हणतात. बशीर चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेला आणि चौदाव्या वर्षी जिनात लागला. त्याला आता चाळिशी आली होती. चालत्या यंत्रावर तळहात ठेवला की आत काय बिघडलंय ते तो सांगायचा.

१९६७ च्या जानेवारीत यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा एक एजंट मुंबईहून आला. त्याच्यासमोर बशीरने तिसऱ्या नंबरच्या यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाला, "डाव्या बाजूची सुरी दबून राह्यली." यंत्र उघडलं तर तसंच निघालं. एजंटाने जाताना मॅनेजर भगवंतरावांना सांगितलं की आफ्रिकेत म्वांझा गावाला एका शेठची जिनिंग आहे, तिथली सहा यंत्रं बंद पडली आहेत, आणि जूनअखेर तिकडचा हंगाम सुरू होतो. हा माणूस दोन महिन्यांसाठी द्या. नांदुऱ्याचा हंगाम तोवर संपलेला असेल.

भगवंतरावांनी बशीरला बोलावलं.

"जाशीन का बे?"

"जाईन, साहेब."

"विमान बदला लागते मधात. नैरोबीले एक सोडाचं, दुसरं धराचं. थे दुसरं हप्त्यातून दोनदाच सुटते. तुले इंग्रजी येते का?"

"जिनाचं येते," बशीर म्हणाला.

ते खरंच होतं. नाईफ, रोलर, बेल्ट, शाफ्ट, टाइट, लूज, ऑइल असे पन्नासेक शब्द त्याला येत होते, आणि सगळे यंत्राचे. भगवंतराव हसले. "नैरोबीत हरपला तं कोण धुंडन तुले?" असं ते चार माणसांत बोलले, आणि ते बशीरला लागलं.

पासपोर्टाचं काम जिनाचा कारकून जानराव याने अंगावर घेतलं. बशीरच्या जन्माची तारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेच्या रजिस्टरात एक जुलै निघाली. त्या शाळेत अर्ध्या पोरांचा जन्म एक जुलैचाच होता. रजिस्टरात नाव शेख बशीर, अर्जात बशीर फकीर मोहम्मद, म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मग पोलीस चौकशी. ठाण्याचा हवालदार मोहल्ल्यात आला तेव्हा बशीरने काय केलं म्हणून अर्धी गल्ली गोळा झाली. बशीरची बायको सरवरी दाराआडून एकेकाला समजावत राहिली, की गुन्हा नाही, पासपोर्ट आहे. अडीच महिन्यांनी पासपोर्ट आला. कोणकोणत्या देशांत जाता येईल ते त्यात लिहिलेलं होतं. देवी, पटकी आणि पीतज्वर यांच्या सुया टोचून घेतल्या, त्यांचं पिवळं पुस्तक मिळालं. ते पुस्तक पासपोर्टाइतकंच जपायचं, असं मुंबईच्या डॉक्टरने दोनदा बजावलं.

यंत्राच्या बारा सुऱ्या आणि रोलरच्या चामड्याच्या चकत्या जहाजाने पाठवायला वेळ नव्हता. त्या बशीरनेच न्यायच्या ठरल्या. जानरावने टाइपरायटरवर इंग्रजीत यादी केली, शिक्का मारला आणि वाचून दाखवली.

"कुठी अडवलं तं हे दाखव. यात सारं आलं."

मुंबईला विमानात बसल्यावर एक बाई प्रत्येकापाशी येऊन काहीतरी म्हणत होती. बशीरजवळ आली आणि म्हणाली, "बेल्ट." बशीरच्या जिवात जीव आला. त्याने पट्टा आवळला आणि म्हणाला, "टाइट." बाई हसून पुढे गेली.

पण विमान मुंबईहूनच दीड तास उशिरा सुटलं होतं. नैरोबीला उतरला तेव्हा सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि म्वांझाचं विमान दहाला होतं. बशीर माणसांच्या मागोमाग चालत गेला आणि रांगेत उभा राहिला. पुढचा माणूस खिडकीशी काय काय देतो ते तो नीट बघत होता. आधी पासपोर्ट, मग पिवळं पुस्तक, मग पुढचं तिकीट. आपली पाळी आली तसं त्याने तिन्ही त्याच क्रमाने ठेवलं. साहेबाने काहीतरी लांबलचक विचारलं. बशीरला त्यातला एकही शब्द कळला नाही. कशासाठी आलास हेच विचारत असणार, दुसरं काय विचारणार, असा त्याने हिशेब केला.

"रोलर लूज," तो म्हणाला. "आय टाइट."

साहेबाने त्याच्याकडे बघितलं, पासपोर्टात ठेवलेलं म्वांझाच्या शेठचं पत्र बघितलं आणि शिक्का मारला.

बशीर मनातल्या मनात भगवंतरावांना म्हणाला, एक झालं.

दुसरं मात्र अवघड निघालं. सामान तिथेच सोडवून कस्टमला दाखवायचं होतं. टेबलामागे एक उंच, धिप्पाड आफ्रिकन अधिकारी होता. त्याने बशीरची ताडपत्रीची पिशवी उघडली, आणि त्यातून एकेक करत बारा लखलखीत पाती बाहेर निघाली. मागच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली.

बशीरने झटकन जानरावची यादी पुढे केली. अधिकाऱ्याने ती वाचली, त्याच्या कपाळाला आठी पडली आणि त्याने विचारलं, "व्हेअर इज द जिन?"

जिन हा शब्द बशीरला कळला. खुशीत तो म्हणाला, "जीन म्वांझा. सिक्स जीन."

अधिकाऱ्याने दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून ट्रंक उपसली. लोणच्याची बरणी हुंगली, खोबरेल तेलाची बाटली उघडून बोटाला लावून बघितली. एकाने अंगठा तोंडाकडे नेऊन पिण्याची खूण केली आणि पुन्हा विचारलं, "जिन?"

तेव्हा बशीरच्या डोक्यात प्रकाश पडला. जिन नावाची दारूही असते, मुंबईच्या एजंटाच्या बॅगेत त्याने ती बघितली होती. जानरावने यादीत लिहिलं होतं बारा सुऱ्या, जिनसाठी. कापूस हा शब्द कुठेच नव्हता. आयुष्यात दारूला शिवला नव्हता, आणि सहा बाटल्या कुठे लपवल्यास म्हणून त्याची झडती चालली होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

त्याला रडू येईल असं वाटलं. पण समोर टेबलावर सुऱ्या होत्या, चकत्या होत्या, आणि त्याचे हात ते बघून स्वस्थ बसेनात. हे आपलंच सामान आहे, यातलं आपल्याला सगळं समजतं, मग भ्याचं काऊन?

सरवरीने निघताना त्याच्या कानात अत्तराचा फाया ठेवला होता. तो त्याने काढला आणि पिंजून मोकळा केला. खिशातल्या डबीतून सुपारीचं खांड घेतलं आणि कापसात गुंडाळलं. चामड्याच्या दहाबारा चकत्या डाव्या हातात घट्ट दाबून धरल्या, त्यांना एक सुरी टेकवली, आणि त्या दोहोंच्या फटीतून तो कापूस हळूहळू ओढला. कापूस पलीकडे आला. सुपारी सुरीला अडून अलीकडे टेबलावर टपकन पडली.

"जीन," बशीर म्हणाला. मग कापूस वर धरून म्हणाला, "धिस साइड." सुपारीवर बोट ठेवलं. "दॅट साइड."

अधिकाऱ्याने तो कापसाचा पुंजका हातात घेतला. अत्तराचा वास आला तसा त्याने तो नाकाशी नेला. मग त्याचा चेहरा एकदम बदलला.

"पांबा," तो म्हणाला. "पांबा! म्वांझा!"

त्याने आपल्या छातीवर हात ठेवला, मग वाकून झाडावरची बोंडं वेचल्याची खूण केली आणि वेचलेलं पाठीमागे टाकल्यासारखं केलं. जमिनीपासून कंबरेएवढी उंची हाताने दाखवली. पांबा म्हणजे कापूस, आणि लहानपणी तो हेच करत होता. बशीरनेही तशीच खूण केली, फक्त त्याने वेचलेला कापूस पोटाशी बांधलेल्या ओट्यात टाकला. दोघे वेचत उभे राहिले. रांगेतली माणसं बघतच राहिली.

अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. बारा सुऱ्या त्याने स्वतः मोजून पिशवीत भरल्या, दोन्ही नगांवर खडूने फुल्या मारल्या, ट्रंक एका हमालाच्या डोक्यावर दिली आणि बशीरचा दंड धरून त्याला घेऊन निघाला. दोन दारं, एक जिना, मग उन्हाने तापलेली फरशी. छोट्या विमानाची शिडी काढायला माणसं आली होती. अधिकारी लांबूनच ओरडला, तशी ती थांबली.

बशीर शिडी चढला. वरून वळून त्याने हात केला. खाली तो माणूस दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवत होता, चालत्या रोलरसारखे.

म्वांझात बशीरने सहाही यंत्रं खोलली. नऊ दिवस तो रोलर चढवत, सुऱ्या बसवत राहिला. शेडबाहेर कापसाचे ढीग छपराला टेकले होते. दहाव्या दिवशी पट्टा चढला, मुख्य शाफ्ट फिरला, आणि एकामागून एक सहाही यंत्रं बोलायला लागली. शेठ काही विचारत होते. बशीरने त्यांना हाताने थांबवलं, सहाही यंत्रांवरून तळहात फिरवत गेला आणि मगच मान डोलावली.

ऑगस्टच्या शेवटी तो परतला. मुंबईला उतरल्यावर पीतज्वराचा दाखला नसलेले तिघे चांगले शिकलेसवरलेले प्रवासी बाजूला काढले गेले. त्यांना सहा दिवस वेगळं ठेवणार होते. बशीरने पासपोर्ट, पिवळं पुस्तक, तिकीट अशी मांडणी केली आणि पाच मिनिटांत बाहेर आला. नांदुऱ्याला जिनाच्या आवारात लिंबाखाली माणसं जमली. भगवंतरावांनी ऑफिसातली आपली खुर्ची बाहेर आणवली आणि बशीरला तिच्यावर बसवलं.

"आता बयाजवार सांग. मुंबईपासून सांग."

बशीरने सगळं सांगितलं. जानराव हसून हसून खोकला, तरी यादीतलं आपलं इंग्रजी बरोबरच होतं हे त्याने सोडलं नाही.

पुढच्या वर्षी एजंटाचं पत्र आलं, आता दोन मिस्तरी पाहिजेत. दुसरा कोण न्यायचा, हे भगवंतरावांनी बशीरलाच विचारलं.

"आपल्या निवृत्ती मिस्तरीले घेतो. हात चांगला हाये त्याचा."

"त्याले तं जिनाचंही इंग्रजी येत नाही बे."

"काही फिकीर नाही, साहेब," बशीर म्हणाला. "मी आहो ना संगं."